छिद्रांच्या कागदाचा बाजार : आपोआप वाजणारे पियानो आणि त्यांचे जुने रोल

जॅकार्डच्या मागाशी ज्यांचा संबंध आला आहे त्या बांधवांना 'पियानो मशीन' हे नाव ऐकून माहीत असेल. नक्षीचा आलेख समोर टांगून कारागीर बोटांनी कळा दाबतो, पायाने पायडल मारतो आणि पुठ्ठ्याच्या कार्डात भोके पडतात. अशी शेकडो कार्डे दोरीने ओवून मागावर चढवली की पदरावर वेलबुट्टी उतरते. कार्ड पाडणाऱ्या या यंत्राच्या कळा पियानोसारख्या, म्हणून त्याला ते नाव मिळाले. पण या नात्याची दुसरी बाजू आपल्याकडे फारशी ठाऊक नाही. जगात लाखो पियानो असेही झाले, की ज्यांना वाजवायला माणूस लागत नाही. जॅकार्डप्रमाणेच भोके पाडलेला कागद लागतो. हा कागद म्हणजेच पियानोचा रोल. अमेरिका, इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रेलिया या देशांत अशा जुन्या पियानोंचे आणि रोलचे शौकीन आहेत, दुरुस्तीचे कारखाने आहेत, लिलाव आहेत. या बाजाराचे गणित आमच्या धंद्यातील लोकांनी समजून घेण्याजोगे आहे, कारण येथे किंमत लाकडाची आणि लोखंडाची नाही, कागदाची आहे.

दोन्ही वस्तूंचे घराणे एकच. जॅकार्डचे यंत्र फ्रान्समधील ल्यों या रेशमाच्या शहरात १८०४ च्या सुमारास निघाले. त्याच ल्योंमधील सेत्र नावाच्या माणसाने १८४२ साली भोकांच्या पुठ्ठ्यावर चालणाऱ्या वाद्याचे पेटंट घेतले. रेशमाच्या गावात वाढलेल्या माणसाला ही कल्पना सुचावी यात नवल नाही. मागात भोक असेल तेथे सुई आत शिरते आणि ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तेथे धागा खाली राहतो. वाद्यातही हिशेब तोच, भोक म्हणजे सूर आणि कोरा कागद म्हणजे शांतता. मात्र या कल्पनेचा पैका व्हायला आणखी पन्नास वर्षे गेली. १८९५ साली डेट्रॉइटच्या एडविन व्होटी याने आपल्या कार्यशाळेत एक कपाटासारखे यंत्र बनवले. ते साध्या पियानोसमोर ढकलून लावायचे. त्याला नमदा लावलेली ६५ लाकडी बोटे होती आणि ती पियानोच्या पट्ट्या दाबत. एओलियन कंपनीने ते 'पियानोला' या नावाने २५० डॉलरला बाजारात आणले. पियानोला हे एका कंपनीचे व्यापारचिन्ह, पण वनस्पती तुपाला आपल्याकडे सरसकट डालडा म्हणत, तसे पुढे प्रत्येक कंपनीच्या यंत्राला लोक पियानोलाच म्हणू लागले. काही वर्षांतच ही यंत्रणा पियानोच्या पोटातच बसू लागली आणि वेगळे कपाट मागे पडले.

यंत्रणा कशी चालते ते थोडक्यात सांगतो, कारण खरेदी-विक्रीचा सगळा खेळ तिच्यावर आहे. आपल्या पायपेटीत भाता असतो, तसा येथेही पायाने हलणारा भाता असतो. तो मात्र हवा बाहेर फेकण्यासाठी नसून आतली हवा ओढून घेण्यासाठी असतो. कागदाचा रोल एका पितळी पट्टीवरून सरकतो. पट्टीला ८८ बारीक छिद्रे, म्हणजे पियानोच्या प्रत्येक स्वरास एक, आणि प्रत्येक छिद्रामागे एक नळी. कागदाचे भोक पट्टीच्या छिद्रावर आले की बाहेरची हवा नळीतून आत धावते, चामड्याची एक नाजूक चकती फुगते, तिच्यावरचा लहान व्हॉल्व्ह उचलला जातो आणि त्या स्वराच्या छोट्या भात्यातील हवा एका झटक्यात ओढली जाते. भाता मिटतो, हातोडी उडते, तार वाजते. भोक पुढे सरकले की सगळे पुन्हा जागेवर. हे सेकंदात अनेक वेळा आणि दहा-बारा स्वरांसाठी एकाच वेळी चालते. विजेची गरज नाही. बसलेला माणूस पाय चालवतो आणि समोरच्या लहान दांड्यांनी चाल व आवाज कमी-जास्त करतो. चांगला पाय असलेला माणूस त्याच रोलमधून जे काढतो ते नवख्याला जमत नाही. म्हणजे हुनर पूर्णपणे हद्दपार झाला नव्हता, तो हातातून पायात उतरला.

आता यातील जिन्नस पाहा. लाकूड, पितळ, रबरी नळ्या, पातळ चामडे, जनावराच्या कातड्यापासून केलेला सरस, फटी बुजवायला लाख, आणि कापड. लाख तर त्या काळी मुख्यतः आपल्याच देशातून जगभर जाई. कापडाविषयी मात्र दोन शब्द जास्त बोलू, कारण तो आमचा प्रांत. लहान भाते मढवायला अगदी तलम, दाट विणीचे सुती कापड लागते, त्यावर रबराचा पातळ थर दिलेला असतो. हवा आरपार जाता कामा नये, घडीवर लाखो वेळा दुमडून तडा जाता कामा नये, आणि तरी ते इतके नरम हवे की भाता पाव सेकंदाच्या आत मिटावा. एका निर्यातदार मित्रामार्फत इंग्लंडच्या एका दुरुस्ती कारागिराची अशा कापडाविषयी विचारणा आमच्यापर्यंत आली होती. नमुना पाहून आम्ही हिशेब केला : ८८ पट्ट्या, प्रत्येकी सव्वा-दीड इंच रुंद आणि फूटभर लांब, ५४ चा पन्हा धरला तर एका पियानोला वार-सव्वा वार कापड झाले. मोठ्या भात्याला जाड कापड वेगळे, तेही दोन-तीन वार. वर्षाला वीस पियानो दुरुस्त करणाऱ्या कारखान्याची पूर्ण गरज एका ताक्यात भागते. एवढ्यासाठी कोणतीही गिरणी वेगळी वीण लावत नाही, रबराचा थर देणारा कारखाना यंत्र गरम करत नाही. म्हणून जगात असे कापड पुरवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि त्यांचा भाव कापडाच्या वजनाशी काही संबंध ठेवत नाही. लहान मागणीचा माल असाच असतो. ज्याच्याकडे आहे तो भाव ठरवतो.

काहींनी यावर उपाय म्हणून प्लास्टिकचा पापुद्रा लावून पाहिला. तो काही वर्षांतच खराब होऊन फाटला आणि सगळे काम पुन्हा करावे लागले. सरसाऐवजी आजचे पांढरे फेविकॉलसारखे गोंद वापरण्याचेही तसेच. सरस वाफेने किंवा उष्णतेने सुटतो, त्यामुळे पन्नास वर्षांनी पुढचा कारागीर भाता उघडू शकतो. नवा गोंद लाकूडच फाडून घेतो. जुन्या कारागिरांनी वस्तू पुन्हा उघडता यावी अशी बांधली होती. जाणकार गिऱ्हाईक आजही आधी हेच विचारतो, की मागची दुरुस्ती कोणत्या गोंदाने झाली.

एका सभेने केलेले काम

सुरुवातीला प्रत्येक कंपनीचा रोल वेगळा होता. कोणाचा ५८ स्वरांचा, कोणाचा ६५ चा, रुंदी वेगळी, भोकांमधले अंतर वेगळे. गिऱ्हाइकाने एका कंपनीचा पियानो घेतला की रोलसाठीही तो तिचाच बांधील. कंपन्यांना यात सुरुवातीला फायदा दिसला, पण दुकानदारांची कपाटे न खपणाऱ्या मालाने भरू लागली. शेवटी डिसेंबर १९०८ मध्ये अमेरिकेतील बफेलो शहरात कारखानदार एकत्र बसले. रोलची रुंदी सव्वाअकरा इंच ठरली, ८८ स्वरांच्या रोलला इंचाला ९ भोके आणि जुन्या ६५ स्वरांच्या रोलला इंचाला ६. एवढाच ठराव. पण त्या ठरावामुळे १९१० साली शिकागोत कापलेला रोल १९२५ च्या दुसऱ्या कंपनीच्या पियानोवर चालला, आणि तो आजही चालतो. एकमेकांचे गळे कापणाऱ्या व्यापाऱ्यांनी एका मापावर सही केली, म्हणून शंभराहून अधिक वर्षांनी त्यांचा माल जिवंत आहे. ज्या कंपन्यांचे माप वेगळे राहिले त्यांचे पियानो आज रोलअभावी मुके उभे आहेत.

मापापाठोपाठ कायदाही आला. रोलवर ज्यांची गाणी कापली जात ते संगीतकार आणि प्रकाशक मोबदला मागत होते. १९०८ सालीच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हाइट-स्मिथ विरुद्ध अपोलो या खटल्यात निकाल दिला, की भोकांचा कागद माणसाला वाचता येत नाही, सबब ती गाण्याची नक्कल नव्हे. रोलवाले खूष झाले, पण ती खुशी वर्षभरच टिकली. १९०९ च्या नव्या कायद्याने प्रत्येक रोलमागे २ सेंट देणे बंधनकारक केले. त्याच कायद्याने दुसरी गोष्टही केली : एकदा एका कंपनीला गाणे कापू दिले की २ सेंट भरणाऱ्या कोणालाही ते कापता येईल. एओलियनने मोठमोठ्या प्रकाशकांशी आधीच करार करून बाजार मुठीत धरायचा बेत केला होता, तो या तरतुदीने मोडला. सक्तीच्या परवान्याची ही पद्धत पुढे ग्रामोफोनच्या तबकड्यांनाही लागू पडली.

तेजी आणि मंदी

यानंतर तेजीची पंधरा वर्षे आली. १९२३ साली अमेरिकेत जेवढे पियानो तयार झाले त्यांतील निम्म्याहून अधिक आपोआप वाजणारे होते. क्यू.आर.एस. या रोल कंपनीची विक्री ऐन भरात वर्षाला एक कोटी रोलच्या आसपास गेली. रोल कापण्याची पद्धत आमच्या तयार कपड्यांच्या कारखान्यासारखीच : कागदाचे अनेक थर एकावर एक आणि पोलादी ठोकणी एकदम सगळ्यांतून आरपार. गाण्याचे शब्द रोलच्या उजव्या कडेला छापलेले असत. ते खालून वर वाचायचे, कारण कागद वरून खाली येतो. घरातील मंडळी पियानोभोवती उभी राहून गात.

याच काळात आणखी महाग माल निघाला. जर्मनीच्या फ्रायबुर्ग शहरातील वेल्टे कंपनीने १९०४ साली वेल्टे-मिन्यों ही पद्धत आणली. तिच्यात वादकाने किती जोराने, किती हळू वाजवले तेही कागदावर नोंदले जाई आणि पाय न चालवता यंत्र ते तसेच पुन्हा वाजवी. त्यानंतर अमेरिकेत अँपिको आणि एओलियनचा ड्युओ-आर्ट हे दोन प्रतिस्पर्धी उभे राहिले. फ्रान्सचे देब्युसी यांनी वेल्टेसाठी, पोलंडचे पाडेरेव्हस्की यांनी ड्युओ-आर्टसाठी, रशियाचे राख्मानिनॉव्ह यांनी अँपिकोसाठी वाजवले. हे रोल म्हणजे त्या उस्तादांच्या हाताची एक प्रकारची वही आहे. म्हणून शौकिनांच्या बाजारात सगळ्यात वरचा मान या तीन नावांना.

मग पडझड झाली, तीही किती वेगाने! रेडिओ आला, १९२५ पासून विजेच्या मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण होऊन तबकड्यांचा आवाज सुधारला आणि १९२९ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्याने उरलेसुरले संपवले. १९३२ साली एओलियन आणि अमेरिकन पियानो कंपनी हे हाडवैरी एकत्र झाले, कारण वेगवेगळे जगणे शक्य नव्हते. हजारो पियानोंच्या पोटातील यंत्रणा उपटून भंगारात गेली. पियानो जुळवायला येणाऱ्या कारागिराला ती अडचण वाटे, आणि घरवाल्यांना तिचा उपयोग उरला नव्हता. आपल्या गावांत इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आल्यावर कार्डांच्या माळा रद्दीच्या भावाने गेल्या, त्याची येथे आठवण होते. चाळीस-पन्नास वर्षांच्या नक्षी किलोवर विकल्या गेल्या. एकेका साडीच्या नक्षीसाठी शेकड्यांनी कार्डे, ती पाडायला लागलेले दिवस, आणि विकताना तराजूचा काटा. अशी कार्डे अजून कोणाच्या माळ्यावर असतील तर त्यांचा फोटो तरी काढून ठेवावा, असे आम्हास वाटते.

पियानोच्या बाबतीत रोलचा धागा अगदी तुटला नाही, याचे श्रेय थोड्या माणसांना आहे. क्यू.आर.एस. मध्ये वादक आणि संगीत जुळवणारा म्हणून काम करणाऱ्या मॅक्स कॉर्टलँडर याने १९३१ साली, धंदा तळाला असताना, ती कंपनी विकत घेतली आणि १९६१ साली मरेपर्यंत चालवली. त्याच्या पदरी जे. लॉरेन्स कुक हा कृष्णवर्णीय कलावंत होता. त्याने आयुष्यात हजारो रोल जुळवले. मागणी नव्हती तेव्हाही नवी गाणी कापली जात राहिली, यंत्रे गंजली नाहीत. १९६६ मध्ये कंपनी रॅम्सी टिक याने घेऊन बफेलोला नेली. म्हणजे ज्या शहरात माप ठरले त्याच शहरात शेवटची मोठी रोल कंपनी पोहोचली. तेथील रोल कापणे २००८ च्या अखेरीस थांबले तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहावा तशा बातम्या दिल्या.

शौकिनांची जमात मात्र त्याआधीच उभी राहिली होती. इंग्लंडमध्ये १९५९ साली आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९६३ साली अशा संग्राहकांच्या संस्था निघाल्या. १९६१ मध्ये हार्वी रोल याचे 'प्लेअर पियानो ट्रेझरी' हे पुस्तक आले आणि लोक आजोबांच्या कोठारातील पियानो बाहेर काढू लागले. लंडनजवळ ब्रेंटफर्ड येथे फ्रँक हॉलंड याने १९६३ साली अशा वाद्यांचे संग्रहालय उघडले. ते आजही म्युझिकल म्युझियम या नावाने चालू आहे.

आजचा भाव

आता बाजाराकडे येऊ. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, शंभर वर्षांची वस्तू म्हणजे सोने. तसे नाही. पायाने चालणारा साधा उभा पियानो, न दुरुस्त केलेला, आज पुष्कळदा फुकट मिळतो. 'उचलून न्या' एवढीच अट असते. आणि उचलणे हाच खर्च, कारण वजन तीनशे-चारशे किलो. पूर्ण दुरुस्तीला लागणारी मजुरी पियानोच्या बाजारभावाच्या कितीतरी पट होते. दुरुस्ती विक्रीसाठी नव्हे, स्वतःच्या शौकासाठी करावी, असे तेथील जाणते लोक उघड सांगतात. अँपिको, ड्युओ-आर्ट किंवा वेल्टे बसवलेला मोठा, आडवा, नामांकित बनावटीचा पियानो असेल तर गोष्ट वेगळी. पण तेथेही गेल्या काही वर्षांत भाव उतरले आहेत. ज्या पिढीने हे संग्रह केले ती वयोवृद्ध झाली, वारसांना जागा नाही आणि एकेका घरातून चार-चार पियानो व हजारो रोल एकदम बाजारात येतात. माल वाढला आणि कद्रदान घटले, तर कोणत्याही जिनसेचे हेच होते.

रोलमध्येही तीच वर्गवारी. १९१५ ते १९२५ च्या लोकप्रिय गाण्यांचे रोल कोट्यवधी निघाले, म्हणून ते आज डॉलर-दोन डॉलरला, पेटीच्या पेटीने जातात. नायाब कोणते? जे त्या वेळी खपले नाहीत ते. १९२९ नंतर मंदीत कापलेले रोल थोडेच विकले गेले, म्हणून आज त्यांच्यासाठी शंभर डॉलरच्या पुढे बोली जाते. जाझ आणि ब्लूजचे, कृष्णवर्णीय वादकांनी स्वतः वाजवलेले रोल छोट्या कंपन्यांनी थोड्या प्रतींत काढले होते, तेही तसेच. स्कॉट जॉप्लिन याने १९१६ मध्ये थोडेच रोल वाजवले आणि १९१७ मध्ये तो वारला. त्याच्या हाताची दुसरी नोंद नाही, म्हणून त्या कागदाला मोल. त्या वेळच्या दुकानदाराने ज्या मालाला पडून राहिलेला म्हणून शिव्या दिल्या, तोच नातवाला पैसे देऊन गेला. हे आगाऊ ओळखणारा व्यापारी आम्ही अजून पाहिलेला नाही.

दुसरी अडचण कागदाची. तेजीच्या काळात स्वस्त लाकडी लगद्याचा कागद वापरला गेला. त्यातील आम्लामुळे तो पिवळा पडतो, कडक होतो आणि कडेपासून तुटू लागतो. कागद पट्टीवर एका केसाने जरी डावी-उजवीकडे सरकला तरी शेजारचा स्वर वाजतो, म्हणून कड फाटलेला रोल निम्मा मेलेला. दमट हवेत कागद फुगतो, रुंदी वाढते आणि टोकाची छिद्रे जुळत नाहीत. कोरड्या हवेत आक्रसतो. मुंबई-कोकणासारख्या हवेत कोणी असा संग्रह करायचा म्हटले तर आधी खोलीतील ओल आवरावी लागेल, पियानो नंतर. तेथील लोक फाटक्या कडेला जुना चिकटपट्टीचा तुकडा लावत, ती चूक ठरली. चिकट पदार्थ पिवळा होऊन कागदाला डाग आणि गाठ देतो. आता आम्लरहित पातळ कागदाची थिगळे लावतात.

म्हणून खरा धंदा जुने रोल पुन्हा कापण्याचा झाला. एक चांगली प्रत मिळवायची, तिची भोके वाचायची आणि नव्या कागदावर तीच पाडायची. ऐकायला सोपे आहे, पण येथे असली-नकलीचा फरक फार. मूळ कारखान्याची ठोकणी कागद ठरावीक अंतराने पुढे सरकवत असे. त्या अंतराचा हिशेब न लावता नुसती नक्कल केली, तर प्रत्येक भोक जरासे पुढे-मागे होते. नकलेची नक्कल केली तर चूक दुप्पट. जॅकार्डची कार्डे वापरलेल्या, झिजलेल्या माळेवरून उतरवली तर नक्षीची रेघ दातेरी होते, अगदी तसे. चांगले कापणारे म्हणून मूळ अंतर शोधून काढतात आणि मूळ प्रतीच्या वेळी कारखान्यात जी मास्टर होती तिच्यापर्यंत हिशेबाने परत पोहोचतात. असे काम करणारे थोडे आहेत. ते एका गाण्याच्या वीस-तीस प्रतींची मागणी आधी गोळा करतात, मग यंत्र चालवतात. उधारी नाही, शिल्लक माल नाही. छोट्या धंद्याची ही पद्धत आम्हास पसंत पडली.

हक्काचा प्रश्न येथेही आहे. अमेरिकेत जुन्या गाण्यांचे हक्क ठरावीक मुदतीनंतर संपतात, मग ती कोणीही कापावीत. मुदत न संपलेल्या गाण्याला परवाना घ्यावा लागतो. आपल्या कायद्यात मुदत रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे अशी मोजतात, त्यामुळे एका देशात मुक्त असलेले गाणे दुसऱ्या देशात बांधलेले असू शकते. तसेच पियानोच्या पट्ट्यांचे. जुन्या चांगल्या पियानोच्या पट्ट्यांवर हस्तिदंत असतो आणि हस्तिदंत सीमेपलीकडे नेण्यावर आंतरराष्ट्रीय बंधने आहेत; भारतात तर त्याचा व्यापारच बंद आहे. असा पियानो स्वस्तात मिळाला म्हणून जहाजावर चढवायचा आणि बंदरात अडकवून घ्यायचा, असे करू नये. आधी पट्ट्या पाहाव्यात.

आता संगणक या धंद्यातही शिरला आहे. अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१४ साली ऑस्ट्रेलियातील डेनिस कॉन्डन यांचा सात हजारांहून अधिक रोलचा संग्रह घेतला आणि रोलचे फोटो काढून त्यांतील भोके वाचण्याचे काम हाती घेतले. संग्राहकही घरी तसे करतात. काहीजण पितळी पट्टीमागे विजेचे बारीक व्हॉल्व्ह बसवून कागदाशिवायच जुना पियानो वाजवतात. कागद वाचतो, पाऊण टन वजनाचे कपाट रिकामे होते. जुने शौकीन यावर नाराज आहेत. आमच्या मते भोके वाचून ठेवणे हे पुण्याचे काम, पण त्यामुळे मूळ कागद फेकू नये. वाचणाऱ्या यंत्राची आजची चूक उद्या कोणाला दुरुस्त करायची असेल, तर मूळ कागदच लागेल.

याच कारणाने सध्या तेथे रोलचे मोठे लॉट निघत आहेत आणि परदेशी नातलगांकडे राहणारे आपले काही लोक जुन्या वस्तूंच्या बाजारातून ते उचलतात. त्यांच्यासाठी कामाची गोष्ट सांगून थांबतो. पियानो कोणत्या मापाचा आहे ते आधी विचारावे : ६५ चा, ८८ चा, की वेल्टेचा सुमारे १३ इंचांचा लाल कागदवाला. अँपिको आणि ड्युओ-आर्टचे रोल साध्या ८८ च्या पियानोवर चढतात, पण आवाजाचा चढउतार मिळत नाही आणि टोकाचे स्वर बंद करण्याची सोय नसेल तर ते उगाच वाजतात. पितळी पट्टीवर बोट फिरवावे, छिद्रांत कागदाची धूळ बसलेली असते. रबरी नळी चिमटीत दाबून पाहावी. कडक झाली असेल तर सगळ्या बदलाव्या लागतील. आणि रोल घेताना डब्यावरच्या लेबलावर विश्वास न ठेवता रोल बाहेर काढून सुरुवातीचा छापील भाग वाचावा, मग शेवटपर्यंत उलगडून कडा पाहाव्यात. शंभर वर्षांत किती घरांतील मुलांनी वाजवून झाल्यावर रोल भलत्याच डब्यात ठेवले असतील, याचा हिशेब कोणाकडे नाही.